वेळ कोणाच्या खात्यावर?

संगणकाची कार्यक्षमता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत बदलांची यादी येते. नव्या प्रोसेसरची ओळख, तपासणीचा हलका झालेला भार, लवकर तयार होणारे अहवाल, निस्तरलेल्या चुका, असा तिचा ठरलेला मजकूर. तो वाचून समज होतो की या अवजारांचा इतिहास म्हणजे अधिकाधिक बारीक मोजमापाचा इतिहास. प्रोफायलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अवजारांची गेल्या साठेक वर्षांची वाटचाल तपासली तर मला तसे दिसत नाही. मोजमाप बारीक होत गेले हे खरेच. पण ज्या आवृत्त्यांनी प्रोग्रामरची कामाची रीत पालटली, त्यांत खरा बदल झाला तो हिशेबाच्या नियमांत. जुन्या पेढीवर दिवसभराचे व्यवहार आधी कीर्दीत उतरत आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढत. प्रोफायलरचे कामही असेच दोन टप्प्यांचे आहे. अमुक क्षणी प्रोसेसर काय करत होता याची नोंद ही कीर्द. ती नोंद कोणत्या फंक्शनच्या, कोणत्या ओळीच्या, कोणत्या प्रोग्रामच्या नावे टाकायची हे ठरवणे ही खतावणी. कीर्द लिहिण्याची युक्ती १९७०च्या दशकातच साधली होती. त्यानंतरची बहुतेक झटापट खतावणीची आहे.

हिशेबाची गरज पहिल्यांदा भासली ती पैशांमुळे. १९६०च्या दशकातले मेनफ्रेम महाग होते, बरेचसे भाड्याने घेतलेले असत, आणि मशीनचा वेळ वापरणाऱ्या विभागांकडून तो वसूल केला जाई. १९६७ साली कॅलिफोर्नियात बूल अँड बॅबेज ही कंपनी निघाली. आयबीएमच्या मशीनवर प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो हे दाखवणारे सॉफ्टवेअर विकणे हाच तिचा धंदा होता. त्याच वर्षी जीन ॲमडाल यांनी समांतर संगणकांविषयी बोलताना एक साधा पण कठोर मुद्दा मांडला: कामाचा जो भाग तुम्ही वेगवान कराल, त्याचा एकूण वेळेत जेवढा वाटा, तेवढीच फायद्याची कमाल मर्यादा. म्हणजे वाटा माहीत नसेल तर मेहनत कुठे घालावी हेच कळणार नाही. तो वाटा किती विषम असतो हे डोनाल्ड कनूथ यांनी १९७१ साली दाखवले. स्टॅनफर्डच्या संगणक केंद्रातले आणि लॉकहीड कंपनीतले, लोकांनी रोजच्या कामासाठी लिहिलेले फोरट्रान प्रोग्राम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केले. त्यासाठी कचऱ्याच्या टोपल्या धुंडाळण्यापर्यंत त्यांची तयारी होती. निष्कर्ष असा निघाला की प्रोग्रामचा चार टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ खातो. गंमत म्हणजे, ही मोजणी करणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामचीही त्यांनी मोजणी केली आणि तासाभराच्या आत त्याचा वेग दुप्पट केला. कार्यक्षमतेच्या मागे अकाली लागू नये, हे कनूथ यांचे १९७४ सालचे मत आज येता-जाता सांगितले जाते. त्याच लेखात त्यांनी उरलेल्या महत्त्वाच्या तीनेक टक्क्यांकडे दुर्लक्ष करू नये असे बजावले होते, आणि प्रोग्रामचा कोणता भाग किती खर्चिक आहे हे प्रत्येक कम्पायलरने प्रोग्रामरला आपणहून सांगावे अशी मागणीही केली होती. ती बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही.

युनिक्सवर ‘प्रोफ’ नावाचा प्रोग्राम याच दशकात आला. त्याची कीर्द अगदी साधी होती. घड्याळ सेकंदाला साठ वेळा टिक करी. प्रत्येक टिकेला ऑपरेटिंग सिस्टिम पाही की प्रोसेसर प्रोग्रामच्या कोणत्या पत्त्यावर आहे, आणि त्या पत्त्याच्या खणातला आकडा एकाने वाढवी. काम संपल्यावर खणांची बेरीज करून फंक्शनांची उतरत्या क्रमाने यादी छापली जाई. खतावणीचा नियम एकच: टिक पडली तेव्हा जो हजर, त्याच्या नावे खर्च. लहान प्रोग्रामसाठी एवढे पुरेसे होते. पण सत्तरच्या दशकाअखेर प्रोग्राम लिहिण्याची शिस्तच बदलली. मोठे काम छोट्या छोट्या फंक्शनांत वाटावे, एकच गोष्ट दोनदा लिहू नये, सामाईक कामे लायब्ररीत ठेवावीत, असे शिकवले जाऊ लागले. ही शिस्त चांगलीच होती, पण तिने प्रोफचा अहवाल निरुपयोगी केला. यादीच्या माथ्यावर दिसू लागली ती अक्षरे जुळवून पाहणारी, मेमरी देणारी, आकडे छापणारी सर्वांच्या कामाची फंक्शने. ती आधीच घासूनपुसून घेतलेली. त्यांत आणखी काढण्यासारखे काही नसे. खरा प्रश्न असा होता की त्यांना एवढ्या वेळा बोलावतो कोण. त्यावर प्रोफ गप्प होता.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या सुमारास एकीकडे कम्पायलर बांधण्याची साधने तयार होत होती आणि दुसरीकडे युनिक्सचे भाग नव्याने लिहिले जात होते. दोन्ही ठिकाणी प्रोफची ही उणीव बोचत होती. सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मक्युसिक यांनी त्यातून ‘जीप्रोफ’ घडवला आणि १९८२ साली त्यावर निबंध वाचला. या आवृत्तीत घड्याळ तेच होते, खणही तेच. नवे काय, तर कम्पायलर प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक छोटी हाक पेरू लागला. फंक्शन सुरू झाले की ती हाक नोंदवी: मला कोणी बोलावले आणि हे कितव्यांदा. चालणाऱ्या प्रोग्रामवर याचा पाच ते तीस टक्के बोजा पडे. मग काम संपल्यावर खरी करामत सुरू होई. कोणी कोणाला बोलावले याचे जाळे तयार करायचे, टोकाच्या फंक्शनांपासून वर चढत जायचे, आणि प्रत्येकाचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांमध्ये हाकांच्या संख्येच्या प्रमाणात वाटत न्यायचा. दोन फंक्शने एकमेकांनाच बोलावत असतील तर वर आणि खाली असा भेद उरत नाही. अशांचे जीप्रोफ संयुक्त खाते उघडी आणि पुढच्या हिशेबात त्यांना एकच धरी. आता अहवालात ‘स्वतःचा वेळ’ आणि ‘आपण बोलावलेल्यांचा वेळ’ असे दोन रकाने आले. मक्युसिक यांनी हेच अवजार बीएसडी युनिक्सच्या कर्नलवर चालवले, तेव्हा फाइलच्या नावावरून ती शोधून काढण्याचे काम मोठा खर्च करत असल्याचे दिसले. ४.३बीएसडीमध्ये सापडलेली नावे लक्षात ठेवणारी कॅश आली त्यामागे हे निदान होते. ही किमया अधिक अचूक घड्याळाने झाली नव्हती. तीच टिक वेगळ्या खात्यावर चढली, एवढेच.

जीप्रोफच्या नियमात एक गृहीतक दडलेले आहे, आणि माझ्या मुद्द्याचा तोच सर्वांत चांगला पुरावा. फंक्शनला मारलेली प्रत्येक हाक सारख्याच खर्चाची असते, असे तो मानतो. समजा, मजकूर दाबून लहान करणारे एक फंक्शन आहे. प्रोग्रामचा एक भाग त्याला ९९ वेळा बोलावतो, दरवेळी दोन ओळी देऊन. दुसरा भाग एकदाच बोलावतो, पण आख्खा ग्रंथ हातात ठेवून. जीप्रोफ खर्चाचे शंभर समान भाग पाडतो आणि ९९ पहिल्याच्या माथी मारतो. टिका सगळ्या खऱ्या, बेरीज बिनचूक, आणि निष्कर्ष साफ उलटा. लेखकांना हे ठाऊक होते. त्यांनी निबंधात ते कबूलही केले आहे. प्रत्येक टिकेला संपूर्ण साखळी, म्हणजे कोणी कोणाला आणि त्याने पुढे कोणाला बोलावले हे सारे, साठवून ठेवणे तेव्हाच्या यंत्रांना जड होते. म्हणून त्यांनी परवडणारा नियम निवडला. पुढची वीस वर्षे असंख्य प्रोग्रामरांनी मात्र तो अहवाल मोजलेले सत्य म्हणून वाचला, वाटणीचा अंदाज म्हणून नव्हे.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. ही सारी वाटचाल हार्डवेअरने घडवली, सॉफ्टवेअर नुसते मागे चालले, असे म्हणता येईल. १९९३च्या पेंटियममध्ये कॅशमधून हुकलेल्या वाचनांपासून चुकलेल्या अंदाजांपर्यंत अनेक घटना मोजणारे काउंटर होते. त्यांची माहिती इंटेलने प्रथम सर्वांसाठी खुली केली नव्हती आणि १९९४ साली ‘बाइट’ मासिकात टेर्ये मॅथिसन यांनी ती उलगडून छापली. १९९७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी अल्फा प्रोसेसरवर अशाच काउंटरांच्या आधारे सतत चालणारा प्रोफायलर उभा केला. सेकंदाला पाच हजारांहून अधिक नोंदी, आणि तरी बोजा एक ते तीन टक्के. प्रोग्राम नव्याने कम्पाइल करायला नको, कर्नलसुद्धा तपासणीत आलेला. हे यश हार्डवेअरचे नाही असे कोण म्हणेल? पण त्याच्या पुढचे पाऊल पाहण्यासारखे आहे. प्रोसेसर एका वेळी अनेक आज्ञा हाती घेऊ लागले, त्यांचा क्रमही आपल्या सोयीने बदलू लागले. काउंटर भरला की प्रोसेसर थांबवला जाई, पण तो थांबेपर्यंत गाडी पुढे गेलेली असे, आणि दोष निरपराध आज्ञेच्या नावे लागे. कितीही नोंदी घेतल्या तरी ही घसरण जात नव्हती, कारण चूक मोजण्यात नव्हती, चढवण्यात होती. तेव्हा याच मंडळींनी त्याच वर्षी वेगळी रचना सुचवली: घटना मोजत बसण्याऐवजी एखादी आज्ञा निवडावी, तिला खूण करावी आणि ती प्रोसेसरच्या पोटातून जाताना तिचे काय काय झाले ते तिच्याच नावे लिहावे. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांतही पुढे नेमकी खतावणी करणारी यंत्रणा आली. म्हणजे हार्डवेअरने सॉफ्टवेअरला ओढून नेले हे अर्धेच चित्र. हिशेब जुळेना म्हणून सिलिकॉनच बदलावे लागले हा उरलेला अर्धा.

जावाच्या प्रोफायलरांची कथाही याच वळणाची आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या वापरातले चार प्रोफायलर त्याच प्रोग्रामांवर चालवले, तर सर्वांत खर्चिक फंक्शन कोणते यावर चौघांचे एकमत होईना. कारण शोधले तेव्हा आढळले की टिक कुठेही पडो, नोंद घेतली जाई ती प्रोग्राम पुढच्या सोयीस्कर थांब्यावर पोचल्यावर, आणि हे थांबे कुठे असावेत ते कम्पायलर आपल्या मर्जीने ठरवी. आदल्या वर्षी त्याच संशोधकांनी जे दाखवले होते ते मात्र माझ्या युक्तिवादात बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. प्रोग्राम सुरू करताना शेलमधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची लांबी बदलली, किंवा फाइली जोडण्याचा क्रम बदलला, तरी मेमरीतल्या जागा सरकतात आणि तोच प्रोग्राम कमीजास्त वेगाने धावतो. इथे खाते बरोबर आहे, पण खर्चच लहरी आहे. यावर खतावणीचा कोणताही नियम लागू पडणार नाही. पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या परिस्थितीत मोजणे हाच इलाज. तरी प्रोफायलरांच्या आवृत्त्यांना वळण दिले ते या अडचणीने नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज प्रत्येक टिकेला संपूर्ण साखळी साठवणे सहज परवडते. मग जीप्रोफचा अंदाज इतिहासजमा झाला आणि खात्याचा प्रश्न कायमचा मिटला, असे का म्हणू नये? लिनक्सवर सप्टेंबर २००९मध्ये कर्नलच्या २.६.३१ या आवृत्तीसोबत ‘परफ’ आला तेव्हा चित्र तसेच वाटत होते. आधीचे प्रयत्न कर्नलच्या बाहेर वाढत होते आणि त्यांना आत घेण्यावरून बरीच ओढाताण झाली होती. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी सारे एकाच सिस्टिम कॉलमागे आणले. २०११ साली ब्रेंडन ग्रेग यांनी या साखळ्या एकावर एक रचून फ्लेम ग्राफ काढला. रुंदीवरून खर्च आणि उंचीवरून साखळी एका दृष्टिक्षेपात कळू लागली. पण साखळी साठवण्यासाठी आधी ती दिसावी लागते. प्रत्येक फंक्शन आपल्या आधीच्याचा पत्ता ज्या रजिस्टरमधून पुढे सोपवते, तो फ्रेम पॉइंटर कम्पायलरांनी वेगाच्या नावाखाली केव्हाच काढून टाकला होता. ३२ बिटी इंटेल प्रोसेसरवर आठच रजिस्टरे, त्यातले एक वाचले तर हवेच होते. ६४ बिटींवर दुप्पट रजिस्टरे आली तरी सवय गेली नाही. परिणामी अहवालांत तुटक्या साखळ्या, बेवारस खर्च. जावाने २०१५ साली हा पॉइंटर जपण्याचा पर्याय दिला. फेडोरा लिनक्समध्ये सर्व पॅकेजे तो ठेवून कम्पाइल करावीत असा प्रस्ताव २०२२ साली आला, तेव्हा वाद पेटला. काही मोजण्यांत सुमारे दोन टक्के वेग जात होता, पायथनच्या काही चाचण्यांत तर दहा टक्क्यांपर्यंत. हिशेबनीसाच्या सोयीसाठी सर्वांनी दंड का भरावा, हा विरोधकांचा सवाल रास्त होता. प्रस्ताव आधी फेटाळला गेला, २०२३च्या जानेवारीत मंजूर झाला आणि एप्रिलमधल्या फेडोरा ३८मध्ये उतरला. पुढच्या वर्षी उबुंटू २४.०४ने तीच वाट धरली. समर्थकांचे उत्तर मला पटते: खर्च कुठे होतो हे दिसू लागल्यावर जे वाचते ते या दोन टक्क्यांहून बरेच अधिक असू शकते. मात्र हे उत्तर मोठ्या कंपन्यांना जितके लागू आहे तितके घरच्या जुन्या लॅपटॉपला नाही, हेही खरे.

आणि साखळी पूर्ण दिसली तरी सारा वेळ तिच्यात येतो कुठे? जीप्रोफचे घड्याळ प्रोसेसर काम करत असतानाच चाले. डिस्कची, जाळ्याची, कुलूप उघडण्याची वाट पाहण्यात गेलेल्या वेळाला त्या वहीत पानच नव्हते. २००५च्या सोलॅरिस १०मधल्या डीट्रेसने चालत्या यंत्रात हवी तिथे खूण लावण्याची सोय केली आणि वाट पाहण्याचा खर्चही नावानिशी मांडता येऊ लागला. एकूण वेगाचे आकडे या बाबतीत काहीच सांगत नाहीत. नोव्हेंबर २००७मध्ये पुण्यातल्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या संस्थेचा ‘एका’ महासंगणक जगात चौथा आला तो लिनपॅक चाचणीतल्या सुमारे ११८ टेराफ्लॉप वेगावर. त्याची कागदावरची कमाल क्षमता १७० टेराफ्लॉपच्या आसपास होती. मधला जवळजवळ एक तृतीयांश वेग कुठे मुरला, हे क्रमवारी विचारत नाही. ते विचारायला प्रोफायलरच लागतो.

एकाच वेळी अनेक धागे चालणाऱ्या प्रोग्रामांत तर खर्चाचे खाते बरोबर असूनही सल्ला चुकतो. एका धाग्याचे काम कितीही जलद केले तरी दुसरा रेंगाळत असेल तर निकाल तेव्हाच लागणार. चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी २०१५ साली ‘कॉझ’ या प्रोफायलरमध्ये यावर भन्नाट तोडगा काढला. एखादी ओळ वेगवान झाली तर काय होईल हे पाहायचे ना? मग ती चालू असताना बाकी सर्वांना किंचित थांबवायचे. तुलनेने ती ओळ वेगवानच ठरते. या मार्गाने एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये काही इवल्याशा फंक्शनांकडे बोट गेले. नेहमीच्या अहवालात त्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कितीतरी कमी होता. त्यांना बोलावण्याची रीत बदलल्यावर त्या चाचणीत वेग सुमारे पाव पटीने वाढला. झालेला खर्च कोणाचा यापेक्षा खर्च कमी केल्यास फायदा कोणाला, असा हा हिशेब. दुसऱ्या टोकाला गूगलने खात्याची व्याप्तीच बदलली. अल्फावरच्या त्या प्रोफायलरच्या कर्त्यांपैकी काही जण तिथे गेले होते, आणि तीच कल्पना हजारो यंत्रांवर पसरली. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात दिसले की डेटा गुंडाळणे-उलगडणे, दाबणे, नकलणे, मेमरी देणे-घेणे अशा सामाईक कामांत एकूण वेळेचा एक चतुर्थांशाच्या आसपास भाग जातो. कोणत्याही एका प्रोग्रामच्या वहीत ही रक्कम नजरेत भरत नव्हती. सगळ्यांच्या वह्या एकत्र बांधल्या तेव्हा तिला ‘डेटासेंटरचा कर’ असे नाव मिळाले, आणि काही कामांसाठी वेगळे हार्डवेअर करावे का, ही चर्चा आकड्यांनिशी होऊ लागली.

खाते कोणाच्या नावे, हा प्रश्न प्रोग्रामिंगच्या भाषेपर्यंतही पोचतो. पायथनचा प्रोग्राम परफने तपासला तर वर्षानुवर्षे जवळपास सारा वेळ एकाच फंक्शनच्या नावे दिसे: पायथनच्या इंटरप्रिटरचे, सी भाषेत लिहिलेले, आज्ञा चालवणारे मुख्य चक्र. प्रोसेसरच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण पायथनमधली फंक्शने त्याला दिसतच नाहीत. पण पायथनमध्ये लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या पायथन ३.१२मध्ये प्रत्येक पायथन फंक्शनसाठी मेमरीत एक छोटा दुवा तयार करण्याची सोय झाली. हाक त्यातून जाते, म्हणून परफला ते फंक्शन नावानिशी सापडते. या सोयीलाही किंमत पडते, त्यामुळे ती मुळात बंद असते, आणि त्या आवृत्तीत ती चालू केल्यावरही साखळी अखंड दिसायची तर पायथन स्वतः फ्रेम पॉइंटर ठेवून कम्पाइल केलेले असावे लागे.